बारमाही पास

वर्षभराचा पास घेणाऱ्या माणसाला मनातून पक्कं ठाऊक असतं की आपण काही वर्षभर येणार नाही. तरी तो घेतो. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा येणार नाही, आणि म्हणून तर तो विकतो. या दोन शहाण्यांच्या मधल्या काउंटरवर मी सहा वर्षं बसले, निळा कोट घालून, गळ्यात ओळखपत्र लटकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'वेलकम टू द फॅमिली' म्हणत. पार्कचं नाव विचारू नका. मालक बदलले, नाव बदललं, आणि मला या वयात कुणाची नोटीस नको आहे.

आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, तुमची काय बाई मज्जा, रोज पार्कात. मज्जा कसली डोंबलाची. सकाळी खारीगावातून रिक्षा, काशीमीऱ्याला ट्रकांचा धूर खात कंपनीच्या बसची वाट बघायची, आणि दिवसभर एसीत बसून लोकांशी खोटं बोलायचं. सहा वर्षांत मी एकदाही पाळण्यात बसले नाही. पाळणा कसा चालतो हे माहीत झाल्यावर बसावंसं वाटत नाही, आणि पार्क कसं चालतं हे माहीत झाल्यावर तर त्याच्या आसपास फिरकावंसंही वाटत नाही.

लोकांना वाटतं पार्क म्हणजे घसरगुंड्या, लाटांचा तलाव, मक्याची कणसं. छे. पार्क म्हणजे कॅलेंडर. आमच्या ऑफिसात भिंतभर कॅलेंडर होतं आणि त्यात दिवस रंगवलेले असायचे. हिरवा म्हणजे मोकळा दिवस, पिवळा म्हणजे बरी गर्दी, लाल म्हणजे मुंगीला शिरायला जागा नाही. हे रंग भरायला एक सल्लागार आणला होता. तो लॅपटॉप उघडून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याच्या यंत्राने एकदा ऐन दहावीच्या परीक्षेत लाल दिवस दाखवले. मी म्हटलं, अहो, या दिवसांत आमच्या मीरा-भाईंदरमध्ये टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक असतो, पार्कात कोण तडमडायला येणार? पर्युषणात त्याने फूड कोर्टवर माणसं वाढवली, तेव्हाही मीच सांगितलं की आपले निम्मे पासवाले आत्ता उपासाला बसलेत. दोन्ही वेळा माझं खरं ठरलं. त्यानंतर रंग भरायचं काम माझ्याकडे आलं आणि पगार मात्र त्याच्याकडेच राहिला.

मोकळ्या दिवशी आम्ही निम्मे पाळणे 'देखभालीसाठी बंद' ठेवायचो. देखभाल वगैरे काही नाही, चार टाळकी आलेली असताना वीज कशाला जाळा. जे चालू असतील त्यांच्यापुढे मग आपोआप रांग लागायची, आणि रांग दिसली की लोकांना बरं वाटतं, आपण चांगल्या ठिकाणी आलोय असं. लाल दिवशी पाळण्याबाहेरच्या पाटीवर थांबण्याची वेळ मुद्दाम जास्त लिहायची. पाऊण तास लिहिलेलं असताना अर्ध्या तासात नंबर लागला, की माणूस खाली उतरताना हसत उतरतो. अर्धा तास उन्हात उभा राहून वर खूश. अशा जनतेला लुबाडू नये तर काय करावं, असं आमचे साहेब म्हणायचे, आणि मी हसायचे. हसण्याचाच पगार होता.

पासवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. पास घेतल्याच्या दिवशी सहकुटुंब फोटो, व्हॉट्सॅपवर स्टेटस, 'अब तो हर संडे'. मग एकदा यायचे, पुन्हा एकदा पाहुण्यांना दाखवायला यायचे, आणि संपलं. येताना पिशवीच्या तळाशी थेपले लपवून आणायचे आणि गेटवरच्या बाईने पकडले की म्हणायचे, बाळासाठी आहेत. बाळ शाळेत सातवीला. साहेबांचं म्हणणं होतं की जिमच्या मेंबरशिपसारखंच आहे हे, जो येत नाही तोच उत्तम गिऱ्हाईक. जो खरोखर येतो, पाणी उडवतो, सावली अडवतो आणि घरचा डबा खातो, तो आमचा दुश्मन.

म्हणून पासाला काळे दिवस असायचे. शनिवार, रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या सगळ्या सरकारी सुट्ट्या. म्हणजे माणूस ज्या दिवशी येऊ शकतो, तेवढेच दिवस वगळून. इंग्रजीत त्याला ब्लॅकआउट डे म्हणत, आम्ही स्टाफ त्याला सुतक म्हणायचो. 'आज सुतक आहे, आज पासवाला शिवून घ्यायचा नाही.' सुतकाच्या दिवशी तिकीटवाल्यांना मात्र पायघड्या. ही तारखांची यादी वेबसाइटवर कुठेतरी तळाशी होती, इंग्रजीत, इतक्या बारीक अक्षरात की मलाही चष्मा पुसून वाचावी लागायची.

आता माझ्या करामतीकडे येते. मी एमए मराठी आहे. ते प्रमाणपत्र कधी कुणाच्या कामी आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. एका वर्षी मराठी माहितीपत्रक छापायचं ठरलं आणि एजन्सीकडून भाषांतर आलं, त्यात 'ॲन्युअल पास'ला लिहिलं होतं 'वार्षिक उत्तीर्ण'. ऑफिसात कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, द्या इकडे, मी लिहिते. वार्षिक पास म्हणता आलं असतं, सरळ होतं. पण वार्षिक म्हटलं की परीक्षा आठवते, श्राद्ध आठवतं. मला काहीतरी ओलं, पाण्याचं हवं होतं. मी लिहिलं, 'बारमाही पास'. साहेबांनी तो शब्द चार वेळा मोठ्याने म्हणून बघितला आणि मला फूड कोर्टचं एक कूपन दिलं. मी ते कूपन आठवडाभर पर्समध्ये घेऊन मिरवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्या फेब्रुवारीत पास मेळा होता. परीक्षांमुळे पार्क ओस, म्हणून पास विकून घ्यायचे. प्रत्येक कर्मचाऱ्याने ओळखीत पास खपवायचे असा हुकूम निघाला. सोसायटीतल्या बायकांना विकून झाले, नणंदेला विकून झाला, मुलाच्या क्लासच्या सरांनाही सोडलं नाही. तरी दोन कमी पडत होते. आणि मग मला मासेवाली मावशी आठवली.

मावशी उत्तनच्या पुढच्या चौक गावची. साठीच्या पुढची ख्रिश्चन कोळीण, गळ्यात क्रूस, अंगावर गुडघ्याखालपर्यंतचं लुगडं. पहाटे बंदरावर जाऊन माल उचलायचा, बसने भाईंदर स्टेशन, पूल ओलांडून आमच्या खारीच्या बाजारात फळीवर टोपली मांडायची. पंधरा वर्षं मी तिच्याकडून मासे घेत होते. त्या पंधरा वर्षांत मी कधी माशाचे कल्ले उघडून बघितले नाहीत. बघूच द्यायची नाही. कुणी बाई आली आणि कल्ले लाल आहेत का ते बघायला लागली, की मावशी तिच्या हातातून मासा काढून घ्यायची आणि म्हणायची, जा बाय, पुढं जा, माझ्या तोंडावर विश्वास न्हाय तर माझा म्हावरा कशाला? मला मात्र नुसतं सांगायची, आज हलवा नको, कालचा हाय. आणि मी नाही घ्यायचे. एवढा सरळ व्यवहार माझ्या आयुष्यात दुसरा नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

मावशीला एकच मुलगा, तो पुण्यात नोकरीला. त्याची मुलगी नऊ वर्षांची. ही नात म्हणजे मावशीचा जीव. पण नात चौकला टिकायची नाही. त्याच्या आदल्या मे महिन्यात महिनाभरासाठी आली आणि चौथ्या दिवशी रडायला लागली. काय करू इथे, दारात बोंबील वाळतायत, वास येतो, खेळायला कुणी नाही. मुलगा येऊन घेऊन गेला. त्यानंतर तो फोनवर म्हणाला की पुढच्या सुट्टीत तिला समर कॅम्पला घालतो, उगाच तिचे आणि तुझे हाल नकोत. हे मावशीने मला मांदेली निवडता निवडता सांगितलं होतं, आणि सांगताना नेहमीसारखी हसली नव्हती. पोरगी एकदा तुटली की तुटली, असं म्हणाली. तिला नात मेभर आपल्या घरी राहायला हवी होती, एवढंच. बाकी जगाकडून त्या बाईला काही नको होतं.

तर मी माहितीपत्रक घेऊन तिच्या फळीपुढे उभी राहिले. म्हटलं, मावशी, नातीला आणा, रोज पार्कात न्या, मग बघा ती पुण्याला जायचं नाव काढते का. मावशीने ओले हात पदराला पुसले आणि पत्रक लांब धरून वाचलं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, मोठी अक्षरं वाचायची. बा-र-मा-ही. मी अगदी फुशारून सांगितलं की हा शब्द मीच लिहिलाय.

मावशी म्हणाली, आमच्या चर्चच्या मागं विहीर हाय, तशी? सगळ्या आळीच्या विहिरी आटतात, ही मेमध्ये पण भरलेली. बारमाही हाय ती.

मी म्हटलं, "हो मावशी, तशीच."

हे मी म्हणाले. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला माहीत होतं की मेमधल्या सरकारी सुट्ट्यांना आणि शनिवार-रविवारी सुतक आहे. मी मनात म्हटलं, मधले वार तर आहेत ना, मधल्या वारी जातील, कशाला आत्ता घोळ घाला. पत्रकाच्या खाली तारा काढून 'अटी लागू' लिहिलेलं होतं, तेही मीच लिहिलं होतं. त्या ताऱ्यावर मी बोट ठेवलं असतं तर दोन पास कमी पडले असते आणि साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं असतं. बस, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मावशीने फोटो आणून दिले. नातीचा फोटो चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्यातला होता, पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती. दुसरा न्हाय गं, हाच चांगला हाय, म्हणाली. तोच फोटो कार्डावर छापला. दोन कार्डं तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवली, आणि त्याच रात्री पुण्याला फोन लावून नातीला सांगितलं की ये, रोज नेते तुला, आजीकडे बारमाही पास आहे. नात हो म्हणाली. समर कॅम्प रद्द झाला. हे सांगताना मावशीने मला चार बोंबील जास्त घातले.

आणि इथे देवाने, की साहेबांनी, माझी चांगली जिरवली. 'बारमाही' हा शब्द असा चालला की विचारू नका. काशीमीऱ्याच्या नाक्यावर मोठा फलक लागला, त्यावर ओल्या अक्षरांत माझा शब्द. मराठी माणसं हौसेने यायची आणि म्हणायची, तो बारमाही द्या. पास ठरवल्यापेक्षा फार जास्त विकले गेले. एप्रिलमध्ये मीटिंग झाली. सल्लागाराने पडद्यावर मे महिना दाखवला आणि म्हणाला की एवढे पासवाले आले तर तिकीटवाल्यांना पाय ठेवायला जागा उरणार नाही. तिकीटवाला आत येऊन खातो-पितो, लॉकर घेतो, पोहायचे कपडे भाड्याने घेतो. पासवाला थेपले आणतो. मग जागा कुणाला द्यायची हे काय सांगायला पाहिजे?

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पूरा मई ब्लॅक कर दीजिए."

मी केला. कॉम्प्युटरवर एकेक चौकोन निवडून काळा केला. सोमवार, मंगळवार, बुधवार, मधले सगळे वार, ज्यांच्यावर मी मनातल्या मनात मावशीला ढकललं होतं ते. काळा करताना तिची आठवण आली का? आली. पहिल्याच आठवड्याला आली. तरी महिना संपेपर्यंत हात थांबला नाही. पासवाल्यांना इंग्रजीत एसेमेस गेला की तुम्हाला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून आम्ही काही तारखा बदलत आहोत. मावशीच्या फोनवर असे इंग्रजी मेसेज रोज दहा यायचे, कुणी कर्ज देतंय, कुणी प्लॉट. तिने तो कशाला उघडावा.

मला फक्त बाजारात जाऊन तिला सांगायचं होतं. घरापासून पाच मिनिटं. खाई त्याला खवखवे, मी जाणंच सोडलं. एप्रिलभर नवऱ्याला मासे आणायला पाठवलं. त्याला बोंबील आणि मांदेलीतला फरक कळत नाही, पण मावशी त्याला चांगलंच देऊन पाठवायची आणि वर निरोप द्यायची. बायला सांगा, पोरीचं रिझर्वेशन झालं. बायला सांगा, पोरीनं पोहायचा नवा ड्रेस घेतला. नवरा घरी येऊन ते निरोप जसेच्या तसे सांगायचा, आणि मी जेवताना त्याच्यावरच चिडायचे की काटे नीट काढून का नाही आणले.

मेच्या पहिल्याच आठवड्यात त्या दोघी आल्या. मी त्या दिवशी गेटजवळच्या हेल्प डेस्कवर होते. हेल्प कसली, समजूत घालायची ड्यूटी. चिडलेल्या पासवाल्यांना एकच वाक्य ऐकवायचं, ते आम्हाला पाठ करायला दिलं होतं: पास व्हॅलिड आहे सर, फक्त आजचा दिवस व्हॅलिड नाही. हे वाक्य रचणाऱ्याला कूपन मिळालं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. सकाळपासून मी ते पन्नासदा म्हटलं होतं. लोक आरडाओरडा करायचे, व्हिडिओ काढायचे, आणि मग निम्मे मुकाट्याने तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. त्याचसाठी होतं ते सगळं. पासाचे पैसे दिलेला माणूस वर तिकीटही काढतो, कारण पोरं रडत असतात.

चौकवरून बस, मग पूल, मग काशीमीऱ्यापर्यंत रिक्षा, मग कंपनीची बस. मेच्या उन्हात हे सगळं करून मावशी गेटवर उभी होती. चर्चला जातानाचं लुगडं नेसली होती, केसांत अबोलीची वेणी. हातात नातीचा हात. नातीने पोहायचा ड्रेस घरूनच आतून घातला होता, मानेपाशी त्याची गुलाबी पट्टी दिसत होती. मावशीने ब्लाउजमधून पिशवी काढली, पिशवीतून कार्डं काढली, आणि यंत्रावर ठेवली. पडद्यावर नातीचा तो फोटो आला, पांढऱ्या फ्रॉकमधला, आणि त्याच्यावर लाल फुली. गेटवरच्या बाईने पाठ केलेलं वाक्य हिंदीत म्हटलं. मावशीला मी दिसले. तिचा चेहरा उजळला, तेच मला आजही सहन होत नाही. ओळखीचं माणूस आहे म्हटल्यावर आता काम होणार, असा तो चेहरा होता.

मी जवळ गेले आणि सांगितलं की मावशी, आज पास चालत नाही. मग उद्या येते, ती म्हणाली. मी म्हटलं, उद्याही नाही. परवा? मी म्हटलं, जूनमध्ये या. ती म्हणाली, जूनमध्ये पोरगी शाळेत जाते, बाय. आमच्या शेजारून तिकीटवाले आत जात होते, एकामागून एक, फुगे घेऊन, गॉगल लावून. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. आत जागा न्हाय का, तिने विचारलं. मी म्हटलं, गर्दी आहे मावशी. मग ही कुठं चाललीत, तिने विचारलं.

मग तिने त्याच पिशवीतून माहितीपत्रक काढलं. चार घड्या घालून जपून ठेवलेलं. ते उघडून तिने माझ्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे तूच लिवलंस ना?"

मी म्हटलं, "शब्द माझा आहे मावशी. तारखा त्यांच्या."

एवढी नीच मी आयुष्यात दुसऱ्यांदा झाल्याचं मला आठवत नाही. तारखाही माझ्याच होत्या. एकतीसच्या एकतीस माझ्या बोटांनी काळ्या केल्या होत्या.

"मेमध्ये आटली, ती बारमाही कसली, बाय?" मावशी म्हणाली. ओरडून नाही. टोपलीत कालचा मासा आहे हे जशी सांगायची, तसंच.

मी म्हटलं, थांबा, मी तिकीट काढून आणते, माझ्याकडून, तुम्ही दोघी आत जा. मावशीने नातीकडे बघितलं. मला वाटतं नातीने मान हलवली असती तर तिने माझं तिकीटही घेतलं असतं, सगळा मान गिळून. पण आमच्या भोवती माणसं जमली होती, एक जण मोबाइल धरून उभा होता, आणि पोरगी खाली मान घालून ड्रेसची गुलाबी पट्टी आत खोचत होती.

"पप्पा म्हणालेच होते," ती बारीक आवाजात म्हणाली, "आजीला कुणीपण फसवतं. मला घरी जायचंय."

कुठल्या घरी ते तिने सांगितलं नाही, पण आम्हा दोघींनाही कळलं. मावशीने पत्रकाची पुन्हा चार घड्या घातल्या. कार्डं पिशवीत, पिशवी ब्लाउजमध्ये. नातीच्या डोक्यावर पदर धरला, ऊन लागू नये म्हणून, आणि त्या दोघी कंपनीच्या बसच्या थांब्याकडे चालायला लागल्या. परतीची बस संध्याकाळी सुटायची. हेही मला माहीत होतं, आणि हेही मी सांगितलं नाही, कारण मागून कुणीतरी विचारत होतं की मॅडम, हमारा पास क्यों नहीं चल रहा. मी वळले आणि म्हटलं, पास व्हॅलिड आहे सर.

दोनच दिवसांत मुलगा येऊन नातीला घेऊन गेला. हे मला बाजारातल्या दुसऱ्या कोळणीने सांगितलं. पुढे पावसाळ्यात मासेमारी बंद, मावशी बाजारात नव्हती, माझं बरंच झालं. पुढच्या वर्षीच्या पत्रकात मी गुपचूप 'बारमाही' खोडून 'वार्षिक' केलं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, मॅडम, चलती हुई चीज़ को कौन छेड़ता है? 'बारमाही' परत आलं. मी भांडले नाही. भांडायची सवय मी काउंटरच्या या बाजूला कधी लावूनच घेतली नव्हती, शिवाय मुलाची अकरावी होती. आणखी एक वर्ष मी तिथेच काढलं, मग सोडलं. आता एका दाताच्या दवाखान्यात बसते. तिथे निदान दुखतं तेव्हा दुखणार म्हणून सांगतात.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मावशी परत फळीवर बसायला लागली होती. मी बरेच दिवस पलीकडच्या रस्त्याने गेले. मग एका रविवारी धीर केला. म्हटलं, शिव्या देईल, ऐकून घेऊ. निदान तोंडावर बोलेल. मी समोर उभी राहिले, म्हटलं, मावशी, कशा आहात? बरी हाय, म्हणाली. नात? बरी हाय. नाताळला येणार का, मी विचारलं. न्हाय, कॅम्प हाय. शिव्या नाहीत, टोमणा नाही. टोपलीत हलवा होता, चांगला तळहाताएवढा. नेहमीसारखं मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, घाला दोन.

मावशीने एक हलवा उचलला. पण पिशवीत टाकला नाही. त्याचा कल्ला अंगठ्याने उघडला आणि माझ्या डोळ्यांपुढे धरला. आत लालभडक होता, अगदी ताजा, त्या पहाटेचा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"बघून घे, बाय," ती म्हणाली. "सगळं नीट बघून घे."